शाबास न म्हणणारे सर

रमाकांत आचरेकर सरांवर लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत सचिन येतो. त्याला इलाज नाही. पण त्यामुळे होतं असं, की सर म्हणजे 'सचिनचे गुरू' एवढ्यावरच गोष्ट संपते. आज जरा उलट करून बघतो. सचिन येईलच, पण सर आधी.

आधीच सांगून टाकतो, मी काही सरांचा विद्यार्थी नव्हे. माझं क्रिकेट टेनिस बॉलचं, तेही चाळीच्या अंगणातलं. पण आत्याचं घर दादरला, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जायची. एकाच मैदानात दहा-बारा सामने, कुणाचा फाइन लेग कुणाच्या पॉइंटला पाठ लावून उभा! आत्याच्या घरी सरांचं नाव कुठल्याही नटापेक्षा जास्त वेळा निघायचं. (आत्येभाऊ हे वाचेल तेव्हा मान डोलावेल.)

सरांचा जन्म 3 डिसेंबर 1932 चा. माणूस मूळचा मालवणचा. स्वतः खेळाडूच, 1945 साली न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून क्लब क्रिकेटला सुरुवात, पुढे स्टेट बँकेच्या संघात. प्रथम श्रेणीचा सामना मात्र आयुष्यात एकच खेळले. मोईन-उद-दौला स्पर्धेत, 1963-64 च्या मोसमात, हैदराबादच्या संघाविरुद्ध. बस, एवढंच. खेळाडू म्हणून नोंदवहीत एक ओळ! आणि शिकवलेल्या मुलांच्या नोंदी करायला बसलं तर वही पुरायची नाही. रामनाथ पारकर, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, समीर दिघे, अजित आगरकर, रमेश पोवार... 1983 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ग्रीनिजची दांडी उडवणारा बलविंदरसिंग संधूही त्यांच्या शिबिरातून गेलेला.

हे त्यांनी केलं कसं? माझ्या मते उत्तर एका शब्दात आहे : मॅच. नेटमध्ये तासन्‌तास टोलवाटोलवी करून मुलगा शिकत नाही, त्याला सामन्यात उभं केलं पाहिजे, असा त्यांचा खाक्या. नेटमध्ये आऊट झालं तरी पुढचा चेंडू मिळतो, सामन्यात तंबूत जाऊन बसावं लागतं. ते बसणं शिकवतं! शारदाश्रम शाळा आणि त्यांचा कामत मेमोरियल क्लब मिळून ते सराव सामने लावत राहायचे. सचिनने 2014 च्या आत्मचरित्रात लिहिलंय, की उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टीत तो पंचावन्न सराव सामने खेळायचा. एका मैदानावर आऊट झाला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, शिवाजी पार्कवरून थेट आझाद मैदान. दुसरी मॅच, दुसरी बॅटिंग. आजच्या भाषेत याला काय म्हणतात माहीत नाही, पण पेट्रोल सरांच्या खिशातलं होतं.

संध्याकाळी मुलगा दमला, की स्टंपवर एक रुपयाचं नाणं. जो आऊट करेल त्याचा रुपया. कुणालाच जमलं नाही तर फलंदाजाचा. सचिनने असे तेरा रुपये जमवले आणि अजून जपून ठेवलेत, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातली गंमत वेगळी वाटते. त्या एका रुपयासाठी गोलंदाजी करणारी आणि फील्डिंग करणारी मुलंही सरांचीच होती ना? म्हणजे रुपया एकच, आणि त्यावर शिकत होती वीस-पंचवीस पोरं. नेट बांधा, पाणी मारा, रोलर ओढा, हीसुद्धा कामं मुलांनीच करायची. ज्या खेळपट्टीवर खेळायचं ती आपल्या घामाने तयार झालेली हवी.

आणि आता शाबासकी. ती नाहीच! 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोप घेताना सचिनने सांगितलं, की एकोणतीस वर्षांत सर एकदाही 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, कारण त्याच्या डोक्यात हवा जाईल अशी त्यांना भीती. आपल्याकडे बरेच जण हे ऐकून टाळ्या वाजवतात. मला मात्र आधी खटकलं होतं. चौदा वर्षांच्या मुलाला एक 'शाबास' मिळू नये? सराव सामना सोडून शाळेची फायनल बघायला गेलेल्या सचिनला सरांनी थोबाडीत मारली आणि हातातला डबा उडाला, हा किस्साही आपण कौतुकाने सांगतो. आज कुठल्या प्रशिक्षकाने असा हात उचलला तर मला चालणार नाही, आणि सरांचं नाव मोठं म्हणून ती चापट चांगली ठरत नाही. पण त्या चापटीमागचं म्हणणं बघा. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला जाऊ नकोस, असं खेळ की लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात.

शाबासकीचं कोडं माझ्यापुरतं सुटलं ते 3 डिसेंबर 2024 ला. सरांच्या जयंतीला शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या गेटपाशी त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथे सचिन म्हणाला, की सर तोंडाने कधी बोलले नाहीत, पण कधी कधी वडापाव खायला पैसे द्यायचे. त्यावरून ओळखायचं, की आज काहीतरी बरं केलं असणार. वाचून मी एकटाच हसलो. अहो, ही तर आपल्या घरोघरच्या बापाची भाषा! माझ्या वडिलांनी मला कधी 'शाबास' म्हटलेलं आठवत नाही, पण निकालाच्या दिवशी येताना बटाटेवडे असायचे.

आता तो प्रसिद्ध डाव. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, समोर सेंट झेवियर्स. शारदाश्रम 2 बाद 84 असताना सचिन आणि विनोद एकत्र आले आणि 748 वर डाव घोषित झाला तेव्हाही तेच दोघे उभे होते. सचिन 326, विनोद 349, भागीदारी 664. सचिन चौदाचा, विनोद सोळाचा. यातला मला सर्वांत आवडणारा भाग असा, की हा विक्रम सरांच्या मनाविरुद्ध झाला! डाव घोषित करा म्हणून सरांचे साहाय्यक सीमारेषेवरून ओरडत होते आणि ही कार्टी तिकडे बघायलाच तयार नाहीत.

आणि तंबूत पॅड बांधून तिसरा एक मुलगा वाट बघत बसला होता. अमोल मुजुमदार. त्याची बॅटिंग आलीच नाही.

या तिघांचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. सचिन दोनशे कसोटी खेळला. विनोदने 1993 मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत 224 आणि 227 केले, त्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध सचिन, विनोद आणि आमरे असे सरांचे तिघे एकाच भारतीय संघात होते, आणि तरीही विनोदची कसोटी कारकीर्द सतराव्या सामन्यात, 1995 साली संपली. सरासरी चोपन्नच्या वर! अमोलने मुंबईसाठी पहिल्याच रणजी सामन्यात 260 केले, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा काढल्या, पण भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही.

मैदान तेच, सर तेच, रोलर तोच. मग सरांचं यश कोणतं आणि अपयश कोणतं? स्मारकाच्या कार्यक्रमात विनोदने सचिनचा हात धरला तो सोडवेना, ते चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं. माझ्या घशाशी काहीतरी आलं होतं. पण शिक्षकाचा हिशोब असा शेवटच्या धावफलकावर करू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या हातात असतं ते प्रत्येकाला मॅच मिळवून देणं. पुढची खेळी ज्याची त्याची, आणि थोडी नशिबाची.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता अमोल मुजुमदार. पॅड बांधून वाट बघत बसणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं त्या संघातल्या राखीव मुलींना कोण समजावून सांगणार? सर हे बघायला नव्हते, 2 जानेवारी 2019 लाच ते गेले. द्रोणाचार्य (1990) आणि पद्मश्री (2010) त्यांना मिळाले होते. शासकीय इतमाम मिळाला नाही म्हणून बरीच ओरड झाली. पण सचिनने खांदा दिला आणि शिवाजी पार्कवर मुलांनी बॅटी उंच धरून निरोप दिला. याहून मोठा इतमाम कुठला?

असो. माझी लेक हल्ली खो-खो खेळते. सामना झाला की मी चारदा 'शाबास' म्हणतो, मला ते सरांसारखं जमायचं नाही. पण दर रविवारी तिला कुठे ना कुठे एक मॅच मिळेल एवढं मात्र बघतो. नंतर वडापाव असतोच, जिंकली तरी आणि हरली तरी.