करार नावाचा शब्द

मराठीत करार म्हणजे दोन पक्षांनी राजीखुशीनं केलेला ठराव. उर्दूत याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे : मनाचं स्वास्थ्य. ते हरवलं की माणूस बेकरार होतो. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. कायद्याचा पंडित नव्हे. पण नोकरीच्या करारातून कामगाराला स्वास्थ्य लाभतं का, हा प्रश्न ज्यांनी जन्मभर अभ्यासला, त्या ओटो कान-फ्रॉइंड यांची हकिगत आज सांगायची आहे.

त्यांचा जन्म १९०० साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात, ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात ह्यूगो झिन्झहायमर हे त्यांचे गुरू. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन राज्यघटनेत कामगारांच्या हक्कांना जागा मिळाली, त्यात या गुरूंचा मोठा वाटा होता. कान-फ्रॉइंड पुढे बर्लिनच्या कामगार न्यायालयात न्यायाधीश झाले.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवून रेडिओच्या काही कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं गेलं. खटला कान-फ्रॉइंड यांच्यापुढे आला. काढून टाकणं बेकायदा आहे, असा निकाल त्यांनी दिला. त्याच वर्षी नाझींनी त्यांनाही पदावरून दूर केलं. रेडिओवर बोलायला बसलो की हा निकाल मला आठवतो.

ते लंडनला गेले आणि तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झाले. संस्था होती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली ती इथूनच. कान-फ्रॉइंड १९३६ पासून तिथं शिकवू लागले, १९५१ मध्ये प्राध्यापक झाले आणि १९६४ मध्ये ऑक्सफर्डला गेले. कामगार कायदा हा इंग्लंडच्या विद्यापीठांत स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला, त्याचं बरंचसं श्रेय त्यांना जातं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. कागदावर मालक आणि कामगार बरोबरीचे दिसतात. प्रत्यक्षात एकटा कामगार अटी ठरवत नाही, मान्य करतो. मालकाला एक माणूस गेला तर दुसरा मिळतो. कामगाराची चूल मात्र त्या पगारावरच पेटते. हा तोल सावरायचा तर संघटना हवी आणि एकत्र बोलणी करण्याचं बळ हवं. निव्वळ न्यायालयांवर विसंबून राहू नये, हे त्यांना जर्मनीनं शिकवलं होतं.

१९६५ मध्ये ब्रिटिश सरकारनं लॉर्ड डोनोव्हन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला, त्यात ते सदस्य होते. अन्यायानं कामावरून काढण्याविरुद्ध कायदेशीर संरक्षण असावं, अशी शिफारस आयोगानं १९६८ मध्ये केली. ते संरक्षण १९७१ च्या कायद्यात आलं. १९७४ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी ही तरतूद टिकली. बर्लिनमध्ये ज्या प्रश्नावर निकाल दिला, तोच प्रश्न पस्तीस वर्षांनी असा मार्गी लागला. १९७९ मध्ये कान-फ्रॉइंड यांचं निधन झालं.

हाच वाद मुंबईनंही पाहिला आहे. संपावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. त्याच्या पुढाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. संपाबद्दल शिक्षा करणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं, अशी त्यांची भूमिका होती. लंडन आणि मुंबईतली ही माणसं वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचली : ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर ‘हो’ला किंमत नाही.

आपल्याकडे १९२६, १९४६ आणि १९४७ चे तीन जुने कायदे एकत्र करणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या बाजूनं आणि विरोधात तज्ज्ञ बोलतील. तुम्ही-आम्ही ती वाचताना प्रत्येक कलमापाशी एवढंच विचारावं : इथं ‘नाही’ म्हणण्याची ताकद कुणाच्या हातात आहे?