पुन्हां पाठविलेला संदेश

दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन गुप्तलिपि-यंत्रांचे नियम वाचले म्हणजे वाटतें, कीं ते शांत खोलींत बसलेल्या निवांत कारकुनासाठीं लिहिले असावेत. प्रत्यक्षांत यंत्रांपुढें बसणारा शिपाई असे छावणीच्या धांदलींत. इंग्लंडांतील ब्लेचली पार्क येथील गणितज्ञांनीं हा फरक लवकरच हेरला.

जॉन हेरिवेल हा त्यांतलाच एक एकवीस वर्षांचा तरुण. एनिग्मा यंत्राच्या चक्रांवरील कडीं रोज पत्रकाप्रमाणें बसवावीं लागत. शिवाय संदेशाच्या आरंभीं मनास येतील तीं तीन अक्षरें निवडून उघड कळवावीं लागत. फेब्रुवारी १९४० मध्यें हेरिवेलनें तर्क केला, कीं थकलेला वा घाईंतला चालक नवीं अक्षरें शोधण्याचे कष्ट घेणार नाहीं. कडीं बसवितांना समोर आलेलींच थोड्याफार फरकानें कळवील. प्रथम कांहीं महिने हा तर्क निष्फळ राहिला. मग १० मे १९४० रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडे चढाई सुरू केली, आणि त्याच महिन्यांत जर्मन विमानदलाची लिपि याच वाटेनें उलगडली. याला केवळ आळस म्हणणें अन्यायाचें होईल. चढाईच्या गर्दींत तीन अक्षरांकडे कोण किती लक्ष देणार!

याहून विलक्षण प्रसंग ३० ऑगस्ट १९४१ चा. त्या दिवशीं अथेन्सहून व्हिएन्नाला सुमारें ४,००० अक्षरांचा एक लष्करी संदेश बिनतारी मार्गानें गेला. यंत्र लोरेंझचें, बारा चक्रांचें. फिरतां फिरतां तें मूळ अक्षरांत दुसरीं अक्षरें मिसळी. पलीकडील यंत्राचीं चक्रें त्याच स्थितींत लावलेलीं असलीं, कीं मूळ मजकूर पुन्हां उमटे. एक चक्रस्थिति दोन संदेशांना वापरावयाची नाहीं, या एका नियमावर सारी भिस्त होती.

इतकें टंकून झाल्यावर व्हिएन्नाहून निरोप आला, कीं संदेश नीट पोंचला नाहीं, पुन्हां पाठवा. दोघांहि चालकांनीं चक्रें पूर्वीच्याच स्थितींत आणलीं. आतां तोच मजकूर अक्षरशः तसाच गेला असता तर शत्रूच्या हातीं कांहींच लागलें नसतें. परंतु पुन्हां टंकतांना चालकानें काटछाट केली. ‘संदेश क्रमांक’ या अर्थाचा जर्मन शब्द आरंभींच त्यानें संक्षेपानें लिहिला, आणि तेथून दोन्ही संदेश एकमेकांपासून सरकले.

ब्लेचली येथें जॉन टिल्टमन यांनीं ते शेजारीं शेजारीं मांडून दहा दिवसांत दोहोंचा मजकूर काढला. त्याबरोबर यंत्रानें मिसळलेलीं सुमारें ४,००० अक्षरेंहि सुटीं झालीं. त्यांवरून विल्यम टट या तरुणानें जानेवारी १९४२ पर्यंत यंत्राची अंतर्रचना ताडली. पुढें १९४४ च्या आरंभीं टपालखात्यांतील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांचें ‘कोलोसस’ हें विद्युत्‌-गणकयंत्र याच लिपीच्या मागें लागलें. ज्या लोरेंझ यंत्रासाठीं ही सारी खटपट झाली, तें ब्लेचलीच्या लोकांना प्रत्यक्ष पाहावयास मिळालें युद्ध संपतां संपतां, १९४५ सालीं.