बेगम

हिंगोली तालुका परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या राज्यात होता, त्या काळात, 1931 साली, निजाम उस्मान अलींची सून होऊन तुर्की राजकन्या दुर्रुशेहवार आल्या. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची ही कन्या. निकाह फ्रान्समधल्या नीस शहरात लागला. पुढे त्यांच्या पतीला, म्हणजे निजामाच्या थोरल्या शहजाद्याला, वऱ्हाडच्या राजकुमाराचा किताब मिळाला आणि त्या वऱ्हाडच्या राजकुमारी झाल्या. वऱ्हाडचा कारभार मात्र इंग्रजांकडेच होता!

त्यांच्या माहेरी सुलतानाच्या पत्नीला ‘कादन’ म्हणत; ‘सुलतान’ हे बिरुद मुलींच्या नावापुढे लागे. सासरी चालणारा शब्द ‘बेगम’, आणि गंमत अशी की मूळ तुर्कीच. ‘बेग’ म्हणजे सरदार, त्यावरून ‘बेगम’. मोगलांबरोबर तो हिंदुस्थानात रुजला.

मराठवाड्यात पावसाळ्याआधी कडब्याची गंज रचून चाऱ्याची ‘बेगमी’ करतात. तिचा या बेगमेशी काडीचाही संबंध नाही. तो शब्द फारसी: बे-गम, म्हणजे चिंता नसलेला. निश्चिंतीवरून अर्थ साठवणीकडे सरकला.