जुनं वस्त्र, मोकळं पाऊल : निवडीचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी कपड्यांवर आणि चपलांवर काय बोलायचं? पण बघा, ‘आज काय घालायचं’ हा प्रश्न आपण प्रत्येक जण रोज सकाळी सोडवतो. तो सोडवताना आपण कुणाचं ऐकतो, स्वतःच्या अंगाचं की चार लोकांच्या डोळ्यांचं? हा तर तत्त्वज्ञानाचाच प्रश्न झाला. आमचं म्हणणं थोडक्यात असं: वापरलेला पण टिकाऊ कपडा आणि पायाला सुख देणारी पादत्राणं ही निवड शहाणपणाची आहे. मात्र तिला एक अट आहे, आणि ती अट आपल्याच समाजाच्या इतिहासाने घातलेली आहे. ती काय, ते पाहण्यासाठी जरा मागे जाऊ.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक कथा आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजा चिडला. श्रमण गौतमाच्या शिष्याला एवढी वस्त्रं कशाला हवीत, कापडाचं दुकान टाकायचंय का, असा त्याचा रोख. त्याने आनंदाला एकामागून एक प्रश्न विचारले. एवढ्या वस्त्रांचं काय करणार? ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत, त्यांना वाटणार. मग त्या जीर्ण चीवरांचं? अंथरुणावरची पांघरणं. ती जुनी झाली की? गादीच्या खोळी. त्यानंतर जमिनीवरची अंथरणं, मग पायपुसणी, मग झटकायची फडकी. आणि फडक्यांचंही आयुष्य संपलं की ती कुटून, मातीत कालवून जमीन सारवायची. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

या कथेत कापडाचं आयुष्य मोजण्याची एक रीत आहे, आणि ती आपल्या घरांना अगदी परवापर्यंत ठाऊक होती. नऊवारी लुगडं मधे विरलं की विरलेला भाग काढून उरलेले धड तुकडे जोडायचे, याला ‘दंड घालणे’ म्हणत. तेही लुगडं थकलं की त्याची दुपटी, मग गोधडी, मग पोतेरं. काही लुगडी बोहारणीकडे जात. तिच्याशी घासाघीस करून घेतलेलं पातेलं घरात राही आणि कपडा बाजारात जाऊन पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढे. युरोपातही फार वेगळं नव्हतं. लंडनमध्ये जुन्या कपड्यांचा मोठा बाजार रोझमेरी लेनमध्ये भरत असे. लोक मृत्युपत्रात अंगरखे आणि झगे नावानिशी वाटून देत, कारण कापड महाग होतं. हाताने कातलेलं, हाताने विणलेलं कापड म्हणजे घरातली संपत्ती होती.

हे चित्र यंत्रांनी पालटलं. इंग्लंडमध्ये सूत स्वस्त झालं, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत गिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या काही दशकांत गिरणीचं कापड गावोगाव पोहोचलं. हे वाईट झालं असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या अंगावर लंगोटीपलीकडे काही नव्हतं, त्यांच्या अंगावर सदरा आला, ही मोठी गोष्ट आहे. पण कापड स्वस्त झाल्यावर ते जपण्याचं कारण हळूहळू संपलं आणि बदलण्याचं कारण शोधावं लागलं. त्या कारणाचं नाव फॅशन.

फ्रेंच तत्त्वज्ञ दनी दिदरो याने १७६९ च्या सुमारास आपल्या जुन्या झग्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्याला एक नवा, उंची, शेंदरी झगा मिळाला. मग त्या झग्यापुढे खुर्ची जुनाट दिसू लागली, टेबल जुनाट दिसू लागलं, भिंतीवरची चित्रं फिकी वाटू लागली. एकेक करत सगळं बदललं आणि घर परकं झालं. जुन्या झग्याचा तो मालक होता. नव्या झग्याचा तो गुलाम झाला, असं त्याचं दुःख. आपण एका लग्नासाठी एक शालू घेतो, मग त्यावर पर्स, मग चपला. दिदरो आपल्याला चांगलाच ओळखत होता म्हणायचा!

इथपर्यंत बहुतेकांच्या माना डोलतील. पण आता ती अट. जुन्या कपड्याचं कौतुक भारतात सरळसोट करता येत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रं वापरावीत असं सांगितलं आहे, आणि सेवक शूद्राला उष्टं अन्न व जुनी वस्त्रं द्यावीत असंही. आपल्या गावगाड्यात मृताच्या अंगावरचं वस्त्र हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. म्हणजे जुना कपडा ही इथे कितीतरी लोकांची निवड नव्हती, ती त्यांच्या पायरीची खूण होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं की तुमची जात ओळखू येईल अशी लुगडं नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने सोडून द्या. कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ ठेवा. नीट ऐका हं. यात नव्या कपड्यांची भलामण नाही. दुसऱ्याने आपल्या अंगावर लिहिलेली पाटी पुसून टाका, असं ते सांगणं आहे.

म्हणून अट अशी: जुना कपडा निवडलेला असावा, लादलेला नसावा. याचे व्यवहारातले अर्थ दोन. आपण विकत घेतो किंवा बोहारणीशी सौदा करतो, तेव्हा दोघं बरोबरीचे असतात. पण घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हातात बटणं तुटलेला, डाग पडलेला ड्रेस ठेवून आपण कृतज्ञतेची वाट पाहतो, तेव्हा आपण त्या दहाव्या अध्यायातच उभे असतो. द्यायचा तर स्वतः घालू असाच कपडा द्यावा, आणि नको म्हणायची मोकळीक ठेवून द्यावा.

आता पायांकडे येऊ. पायांवर फॅशनने जेवढा अन्याय केला, तेवढा क्वचितच दुसऱ्या अवयवावर केला असेल. युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस टाचेचे जोडे आले आणि पुढे सुमारे दोनशे वर्षं डाव्या-उजव्या पायाला एकाच साच्याचे जोडे बनत राहिले. माणसाचे दोन पाय वेगळे आहेत, हे सांगायला शरीरशास्त्रज्ञांना पुस्तकं लिहावी लागली! हॉलंडच्या पेत्रुस कांपरने १७८१ मध्ये लिहिलं, झुरिकच्या हेर्मान फॉन मायरने १८५८ मध्ये. मायरचा मुद्दा साधा होता: अंगठा सरळ रेषेत राहील असा जोडा हवा, टोकाशी निमुळता नको.

आपल्याकडे कोल्हापुरी चप्पल आहे. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीची शिवण. सुरुवातीला ती चावते, तेल मागते, आणि मग पायाचा आकार घेते. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडाच्या मंचावर तशाच चपला दिसल्या, कारागिरांचं नाव न घेता. टीका झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. पण आपण दुसरीही गोष्ट विसरू नये. ज्या समाजांनी ही चप्पल घडवली, त्यांच्याच माणसांना कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. सुखाचं पाऊल हासुद्धा इथे मिळवावा लागलेला अधिकार आहे.

शेवटी निवडायचं कसं? जुना कपडा उजेडासमोर धरा. काखेत, कोपरात, बैठकीत विरलाय का पाहा. मग उलटा करून शिवण पाहा. जुने शिंपी शिवणीच्या आत जादा कापड ठेवत, त्याला ‘माया’ म्हणतात. माया असलेला कपडा उसवून सैल करता येतो, म्हणजे तो आपल्याबरोबर वाढतो. आमच्या वेदान्ती मित्रांनी क्षमा करावी, पण ही माया खरी आहे! चपला-बूट मात्र शक्यतो दुसऱ्याचे घेऊ नका. त्यांनी पहिल्या पायाचा आकार घेतलेला असतो. नवे घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि बूट त्या रेषेवर ठेवून पाहा. रेषा बाहेर आली, तर तो बूट कितीही चलतीत असला तरी तो तुमचा नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. दंड घातलेलं लुगडं कुणाच्या घरी अजून असेल, तर त्याबद्दलही ऐकायला आवडेल.