अड्यारकाठच्या ठेवी

१८८२ साली मद्रासमध्ये अड्यार नदीच्या दक्षिण तीरावरची एक बाग विकायला निघाली होती. 'हडलस्टन गार्डन्स' हे तिचे नाव. सत्तावीस एकर जमीन, त्यात मोठा बंगला, आणि एवढ्या सगळ्याची किंमत जेमतेम नऊ हजार रुपये. रेल्वे निलगिरीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर बडे इंग्रज अधिकारी वर्षातले कित्येक महिने उटीला राहू लागले आणि त्यांच्या मद्रासच्या बंगल्यांना गिऱ्हाईक उरले नाही, असे कारण कर्नल हेन्री ऑल्कॉट यांनी नोंदवून ठेवले आहे. ही बाग घेणारे तेच. थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय तोवर मुंबईत होते. १९ डिसेंबर १८८२ रोजी तिचे संस्थापक ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हात्स्की मुंबईचा मुक्काम हलवून अड्यारला आले.

सोसायटीच्या हाती रोकड मात्र नव्हती. अय्यालू नायडू या सभासदाने रकमेचा काही भाग पुढे केला आणि न्यायाधीश मुत्तुस्वामी चेट्टी यांनी उरलेल्या पैशासाठी सोप्या अटींचे कर्ज मिळवून दिले. मग सभासदांकडून वर्गणी गोळा करून देणे फेडण्यात आले. सोसायटीच्या मद्रास शाखेचे पहिले अध्यक्ष होते दिवाण बहादूर आर. रघुनाथराव. तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले हे गृहस्थ त्याआधी इंदूरला होळकरांचे दिवाण होते. आज जगाला ठाऊक असलेले अड्यार असे ओळखीवर मिळालेल्या उसनवारीतून आणि फेडीच्या शिस्तीतून उभे राहिले.

पण ज्याच्यामागे न्यायाधीश किंवा दिवाण उभा नाही, अशा कारकुनाने, शिक्षकाने, विधवेने काय करायचे? सरकारी बचत बँका तीनही इलाख्यांत १८३३ ते १८३५ या काळात निघाल्या होत्या, आणि १ एप्रिल १८८२ रोजी टपाल खात्याची बचत बँकही सुरू झाली. तिथे पैसा सुरक्षित राही, कर्ज मात्र मिळत नसे. मुलीचे लग्न, आजारपण किंवा घराची डागडुजी निघाली की सावकाराचे दार ठोठावावे लागे.

मद्रासने यावर स्वतःचा तोडगा काढला, तो म्हणजे 'निधी'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शहरात अशा संस्था दिसू लागल्या. पगारदार माणसांनी दरमहा ठरलेली रक्कम भरायची, जमलेल्या गंगाजळीतून सभासदांनाच दागिन्यांवर किंवा घरावर कर्ज द्यायचे आणि व्याजाचा फायदाही सभासदांतच वाटायचा. नदीच्या उत्तरेला, मैलापुरात, १८७२ साली 'मैलापूर हिंदू पर्मनंट फंड' स्थापन झाला. वकील, कारकून आणि निवृत्तांच्या या वस्तीत निधीचे पासबुक घरातल्या दागिन्यांइतकेच जपले जाई.

निधीच्या जोडीला होती चिट, म्हणजे तमिळमधली 'सीट्टु'. मराठी वाचकाला ही भिशी लगेच ओळखता येईल. समजा, वीस जण दरमहा पाच हजार रुपये भरतात, म्हणजे महिन्याला एक लाख जमतात. ज्याला गरज आहे तो बोली लावतो आणि पंधरा हजार सोडून पंच्याऐंशी हजार उचलतो. सोडलेल्या पंधरा हजारांतून चालकाचे पाच हजार वजा जाऊन उरलेले दहा हजार वीस जणांत वाटले जातात, प्रत्येकाला पाचशे. आज कर्ज घेणारा माणूस पुढचे सगळे महिने हप्ता भरतो, आणि शेवटपर्यंत थांबणाऱ्याची बचत वाढते. यात धोके दोन. लवकर उचल घेणारा हप्ते बंद करू शकतो, आणि चालक सगळ्यांचे पैसे घेऊन पसार होऊ शकतो. तमिळनाडूने १९६१ साली चिटसाठी कायदा केला आणि १९८२ साली केंद्राचा कायदा आला. २०१९ च्या दुरुस्तीने चालकाच्या कमिशनची मर्यादा पाचावरून सात टक्क्यांवर नेली. नोंदणीकृत चिटमध्ये चालकाला तारण ठेवावे लागते. इमारतीच्या जिन्यात किंवा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत चालणाऱ्या चिटमागे असे कुठलेच तारण नसते.

जुन्या मद्रासमध्ये लहान माणसे अशी आपसांत बचत करत असताना ज्यांच्याकडे जरा जास्त पैसा होता, ते तो मोठ्या नावाच्या पेढीत ठेवत. पॅरी, बिन्नी आणि आर्बथनॉट ही मद्रासमधली तीन बडी इंग्रज व्यापारी घराणी. आर्बथनॉट व्यापाराबरोबर ठेवीही घेई. पेन्शनर, सरकारी नोकर, जमीनदार आणि देवस्थाने यांनी वर्षानुवर्षे तिथे पैसे ठेवले होते. पेढीचा प्रमुख सर जॉर्ज गॉफ आर्बथनॉट शहराच्या प्रत्येक प्रतिष्ठित समितीवर असे. त्याच्याकडे हिशेब मागायचे कुणाच्या मनात आले नाही.

२२ ऑक्टोबर १९०६, सोमवार. पेढीची दारे बंद झाली. दोनच दिवस आधी लंडनमधला भागीदार पॅट्रिक मॅक्फॅडियन याने आत्महत्या केली होती. ठेवीदारांचा पैसा लंडनमधून दूरदूरच्या जोखमीच्या धंद्यांत गुंतवला गेला होता आणि तो बुडाला होता. हजारो घरांची आयुष्यभराची पुंजी एका दिवसात अडकली. त्याच वर्षी बिन्नीही अडचणीत आली, तिला इंचकेप यांनी सावरले. आर्बथनॉटला मात्र कुणी वाली उरला नाही. सर जॉर्जवर खटला चालला आणि त्याला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

ठेवीदारांच्या बाजूने उभे राहिले मैलापूरचे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर. कोर्टातल्या लढाईवर ते थांबले नाहीत. हिंदी लोकांची स्वतःची, भागधारकांना उत्तरदायी असणारी बँक हवी, हे त्यांनी शहराला पटवून दिले. चेट्टियार सावकारांचे भांडवल आणि वकिलांची पत एकत्र आली आणि १५ ऑगस्ट १९०७ रोजी इंडियन बँकेचा कारभार सुरू झाला. बुडालेल्या पेढीची इमारत पुढे याच बँकेने घेतली.

निधीसारख्या सहकाराचा शोध देशात इतरत्रही चालू होता. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने मराठी मध्यमवर्गीयांनी १८८९ साली 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली होती. पुणे जिल्ह्यात सुप्याला १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हापासून कर्जाचा प्रश्न सरकारच्या मानगुटीवर होता. मद्रासचे सनदी अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते ९७ या काळात शेतकी बँकांवर अहवाल लिहिला. त्यात जर्मनीतल्या रायफायझनच्या पतपेढ्यांबरोबर मद्रासच्या निधींचाही अभ्यास होता. त्या अहवालाने १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याची वाट मोकळी केली. म्हणजे निधीतल्या कारकुनांचा अनुभव देशाच्या कायद्यामागे उभा होता.

स्वातंत्र्यानंतर त्या अनुभवाचे फळ अड्यारला मिळाले. थिऑसॉफिकल सोसायटीच्या शेजारच्या मोकळ्या जमिनीवर मद्रास को-ऑपरेटिव्ह हाउस कन्स्ट्रक्शन सोसायटीने गांधीनगर वसवले, पाठोपाठ कस्तुरबानगर. एकट्याला जमीन परवडली नसती अशा नोकरदारांनी सभासद होऊन भूखंड घेतले आणि हप्त्याहप्त्याने घरे बांधली. आज या भागातली जागा शहरातल्या सर्वात महाग जागांमध्ये मोजली जाते. एका पिढीच्या शिस्तीवर पुढच्या दोन पिढ्या निर्धास्त झाल्या.

बँका मात्र पुढेही बुडाल्या. १९६० साली केरळची पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळल्या. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला, तेव्हा दर ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत. १९९३ साली ही मर्यादा एक लाख झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, खातेदार रस्त्यावर उतरले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख झाली. बँकेवर निर्बंध आल्यास ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ साली झाली. या प्रत्येक सुधारणेची किंमत आधीच्या कुणातरी ठेवीदारांनी मोजली आहे.

या विम्याच्या कुंपणाबाहेर चेन्नईने पुन्हा ठेच खाल्ली. १९९० च्या दशकात शहरात वित्तकंपन्यांचे पीक आले. बँकेच्या दुप्पट व्याजाच्या जाहिराती झळकल्या, निवृत्तीची रक्कम तिकडे वळली आणि एकामागून एक कंपन्या बसल्या. तमिळनाडूने १९९७ साली ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा करून अशा कंपन्यांची मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला. महाराष्ट्राने १९९९ साली तसाच कायदा केला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तो रद्द ठरवला होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा कायदा वैध ठरवला आणि मुंबईचे मत अमान्य केले. महाराष्ट्रात फसलेल्या ठेवीदाराला आज जो आधार मिळतो, त्यात चेन्नईच्या लढाईचा मोठा वाटा आहे.

इतके होऊनही ऑगस्ट २०२४ मध्ये मैलापूर हिंदू पर्मनंट फंडाच्या व्यवस्थापकीय संचालकांना पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने अटक केली. ठेवी परत मिळत नाहीत अशा तक्रारी आल्या होत्या. तक्रारदारांत म्हातारी माणसे मोठ्या संख्येने होती. आरोपांचा निकाल न्यायालय देईल, पण दीडशे वर्षांच्या नावावर ज्यांनी भरवसा टाकला, त्यांचे औषधपाण्याचे पैसे अडकून पडले. आजी-आजोबांच्या काळापासूनची संस्था, मग चौकशी कसली करायची, हा विचार १९०६ सालीही आर्बथनॉटच्या ठेवीदारांनी केला होता.

काळ अनिश्चित असला की घरातली पहिली धडपड जास्त व्याजाची असते, आणि नेमक्या त्याच वेळी पैसा सर्वाधिक बुडतो. निधी आणि चिट या वाईट व्यवस्था नाहीत. गरजू माणसाला सावकारापासून त्यांनीच सोडवले. पण निधी, चिट किंवा पतसंस्थेत ठेवलेल्या पैशाला ठेव विम्याचे संरक्षण नाही, ते फक्त बँकेतल्या ठेवींना आहे आणि तेही एका बँकेत पाच लाखांपर्यंत. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ठेवपावत्या या आठवड्यात एकदा समोर घेऊन बसा. कोणती संस्था आहे, तिची नोंदणी कुठे आहे, विमा आहे की नाही, ताळेबंद शेवटचा कधी पाहिला, हे लिहून काढा. उत्तर मिळत नसेल तिथली ठेव मुदत संपताच काढून घ्या.