परसातील कोंबड्यांचे थंडीपासून संरक्षण

परसातील कोंबड्यांचे थंडीपासून संरक्षण म्हणजे घराभोवती लहान प्रमाणात पाळलेल्या कोंबड्यांना व त्यांच्या पिल्लांना हिवाळ्यातील गारठा, वारा आणि ओल यांपासून वाचवण्यासाठी योजलेले उपाय होत. ठाणे जिल्ह्यात कल्याण-डोंबिवलीलगतची गावे तसेच शहापूर व मुरबाड हे तालुके या भागांत परसातील कुक्कुटपालन हा शेतीचा जोडधंदा आहे.

हिमदंश

कोंबडीच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ४१° सेल्सिअस असते. पिसांमुळे तिचे अंग उबदार राहते. मात्र डोक्यावरील तुरा, चोचीखाली लोंबणारी त्वचा व पायांची बोटे उघडी असतात. तापमान शून्याखाली गेल्यास या भागांचा रक्तपुरवठा मंदावून तेथील ऊती गोठतात. यालाच हिमदंश म्हणतात. बाधित भाग प्रथम फिकट पडतो व पुढे काळा होऊन झडू शकतो. लेगहॉर्नसारख्या मोठ्या तुऱ्याच्या जातींना, विशेषतः कोंबड्यांमधील नरांना, हा धोका अधिक असतो. लहान तुऱ्याच्या असील जातीला तो कमी असतो. खुराड्यातील दमट हवेमुळे हिमदंश बळावतो.

भारतात लडाख व काश्मीरसारख्या प्रदेशांत असे हवामान आढळते. ठाणे जिल्ह्यात समुद्राच्या सान्निध्यामुळे तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरत नाही, त्यामुळे येथे हिमदंश होत नाही. येथील थंडीचा खरा धोका पिल्लांना असतो.

पिल्लांची ऊब

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर केवळ लव असते. पहिले काही आठवडे त्याला शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही. खुडुक कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेऊन ऊब देते. उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लांना ती कृत्रिमरीत्या द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५° सेल्सिअस तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला ते साधारण ३ अंशांनी कमी केले जाते. यासाठी प्रत्येक पिल्लामागे १ ते २ वॉट या हिशेबाने विजेचे दिवे टांगतात.

उष्णता पुरेशी आहे किंवा नाही, हे पिल्लांच्या वागण्यावरून कळते. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवणारी पिल्ले गारठलेली असतात, तर दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडी ठेवणाऱ्या पिल्लांना उष्णता जास्त होते. सर्वत्र विखुरलेली पिल्ले सुस्थितीत असतात. गारठलेली पिल्ले एकमेकांवर चढल्याने खालची गुदमरून मरतात. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे घातक ठरते, कारण तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू पिल्लांप्रमाणेच माणसांनाही मारक असतो.

खुराडे व आहार

खुराड्याच्या उघड्या बाजूंना रात्री गोणपाट लावतात. परंतु छताजवळचा भाग मोकळा ठेवणे आवश्यक असते. खुराडे पूर्ण बंद केल्यास विष्ठेतील अमोनिया व श्वासातील बाष्प आत साचून श्वसनाचे विकार होतात. जमिनीवर भाताच्या तुसाची ५ ते ७ सेंटीमीटर जाडीची गादी पसरतात व ओला झालेला भाग लगेच बदलतात. शरीर उबदार राखण्यासाठी कोंबड्या हिवाळ्यात अधिक खातात, म्हणून मका, तांदळाची कणी यांचे प्रमाण वाढवले जाते. हिवाळ्यात अंडी घटण्याचे प्रमुख कारण थंडी नसून लहान झालेला दिवस हे असते.

तुरा काळवंडणे

ठाणे परिसरात कोंबडीचा तुरा निळा-काळा पडल्यास त्याचे कारण थंडी समजणे धोक्याचे असते. तुऱ्यावरील खपल्या देवी रोगाच्या असू शकतात. राणीखेत (मानमोडी) रोगात मान वाकडी होते व पक्षी हगवण आणि श्वसनाच्या त्रासाने मरतात. तुरा निळसर होणे, डोके सुजणे आणि अनेक पक्षी अचानक मरणे ही बर्ड फ्लूची लक्षणे आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कोंबड्यांच्या मृत्यूनंतर एच५एन१ विषाणूचा संसर्ग आढळला व परिसरातील हजारो पक्षी नष्ट करण्यात आले. हा विषाणू माणसालाही बाधू शकतो. त्यामुळे मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता, ते न विकता वा न खाता, नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवणे आवश्यक असते.