क्लोरोफॉर्म, हृदय आणि हैदराबाद

छातीत कळ आली की हृदयविकाराचा रुग्ण खिशातली डबी काढतो आणि एक छोटी गोळी जिभेखाली ठेवतो. हे दृश्य आज आपल्या तालुक्याच्या गावीही नवे राहिलेले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतात, हेही शाळकरी मुलाला ठाऊक असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध जोडणारा एक वैद्य १८८९ साली विलायतेहून मुद्दाम आपल्या शेजारच्या हैदराबाद संस्थानात आला होता आणि त्याचा खर्च निजाम सरकारने उचलला होता. वैद्यकाच्या इतिहासातील हे प्रकरण मराठी वाचकांपुढे फारसे आलेले नाही, म्हणून हा लेख.

शेजारचे संस्थान म्हणण्याचे कारण उघड आहे. रावेरच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापीपलीकडे अजिंठ्याची रांग. त्या काळी अलीकडचा खानदेश इंग्रजांकडे होता आणि ती रांग ओलांडली की निजामाचा मुलूख लागे. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड ही सारी मराठी भाषिक माणसे हैदराबादची प्रजा होती.

प्रथम क्लोरोफॉर्मची हकिकत सांगितली पाहिजे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या इस्पितळात मॉर्टन याने ईथरची वाफ हुंगवून रुग्णाला गुंगी आणली आणि त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया वेदनेविना झाली. तोवर शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला चार माणसांनी दाबून धरायचे आणि शस्त्रवैद्याने हात शक्य तितका झपाट्याने चालवायचा. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोच्या सिम्सन याने क्लोरोफॉर्म वापरात आणले. ते ईथरपेक्षा गोड वासाचे, थोडक्यात काम भागवणारे, आणि दिव्याजवळ ईथरसारखे पेट न घेणारे. साहजिकच ते जगभर पसरले. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात ते घेतले, तेव्हा उरलासुरला विरोधही मावळला.

पण एक काटा सुरुवातीपासूनच सलत होता. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म हुंगली आणि काही मिनिटांतच मरण पावली. नख काढण्यासारख्या क्षुल्लक कामात जीव जावा, ही गोष्ट साऱ्यांना हादरवून गेली. सिम्सन म्हणाला की दोष क्लोरोफॉर्मचा नव्हे, शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या तोंडात ब्रँडी ओतली तिने ती गुदमरली. लंडनचा जॉन स्नो याचे मत वेगळे होते. त्याच्या मते क्लोरोफॉर्मने तिचे हृदयच बंद पाडले.

येथूनच वैद्यांत दोन तट पडले. लंडनची माणसे भूल देताना रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवून बसत. एडिंबरोत साइम या नामांकित शस्त्रवैद्याची शिकवण अशी की नाडीकडे पाहूच नका, श्वासाकडे पाहा. श्वास नीट चालला आहे तोवर भीती नाही. लंडनवाल्यांनी मोजून वाफ देणारी यंत्रे केली, एडिंबरोवाल्यांना घडी घातलेला एक टॉवेल पुरे. भांडण केवळ विद्वानांचे असते तर कोणी लक्ष दिले नसते. परंतु टेबलावर निजलेल्या माणसाचा जीव या एका प्रश्नावर टांगलेला होता: बोट नाडीवर ठेवायचे की डोळा छातीच्या वरखाली होण्यावर?

साइमचा एक शिष्य एडवर्ड लॉरी १८८५ च्या सुमारास हैदराबादला रेसिडेन्सीचा शस्त्रवैद्य आणि तेथील वैद्यकीय शाळेचा प्रमुख म्हणून आला. या शाळेबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती १८४६ साली, म्हणजे ईथरच्याच वर्षी, डॉ. मॅक्लीन यांच्या हाताखाली सुरू झाली आणि तेथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवले जाई. शरीररचना, औषधे, शस्त्रक्रिया, सारे उर्दूतून! आपल्या भाषांत विज्ञान शिकवता येईल काय, यावर आपण अजून परिसंवाद भरवतो. हैदराबादेत तो धडा सुमारे चाळीस वर्षे गिरवला गेला. पुढे १८८० च्या दशकात तेथे इंग्रजी आली, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा उर्दूने पुन्हा आपली जागा घेतली. असो.

लॉरी हा गुरूवर अढळ निष्ठा असलेला माणूस. क्लोरोफॉर्म थेट हृदयावर घाला घालते हे त्याला मुळीच मान्य नव्हते. १८८८ साली त्याने निजाम सरकारकडून पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमवून घेतले. शंभराहून अधिक कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन पाहिले गेले आणि दर वेळी आधी श्वास थांबला, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने हा निष्कर्ष साफ नाकारला. आमच्याकडे माणसे टेबलावर हृदय थांबून मरतात, ती काय खोटी?

यावर लॉरीने जे केले ते त्या काळी अपूर्वच होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून त्याने एक हजार पौंड मंजूर करवले आणि ‘लॅन्सेट’लाच कळवले की तुमचा माणूस पाठवा, पैसे आम्ही देतो. निजाम तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे. विलायतेच्या वैद्यकातील वाद मिटवण्यासाठी हिंदुस्थानातील एका संस्थानिकाने खजिना उघडावा, हे लंडनच्या विद्वानांनाही चमत्कारिक वाटले असेल.

‘लॅन्सेट’ने पाठवला तो माणूस म्हणजे डॉ. लॉडर ब्रंटन. लेखाच्या आरंभी ज्याचा उल्लेख केला तो हाच. १८६७ साली एडिंबरोच्या इस्पितळात तो नवखा डॉक्टर असताना त्याच्याकडे एक रुग्ण होता. रात्री त्याच्या छातीत असह्य कळा येत आणि कशानेही त्या थांबत नसत. झटका चालू असताना ब्रंटनने नाडीचा आलेख घेतला आणि रक्तदाब चढतो असे त्याच्या ध्यानात आले. अमिल नायट्राइट या द्रव्याच्या वाफेने रक्तवाहिन्या सैल होतात व दाब उतरतो, हे त्याने इतरांच्या प्रयोगांत पाहिले होते. त्याने ते कापडावर घालून हुंगवले. मिनिटभरात कळ गेली! हृदयाच्या वेदनेवरचे हे पहिले खरे औषध. पुढे १८७९ साली मरेल याने त्याच जातीचे नायट्रोग्लिसरीन वापरले. जिभेखालची आजची गोळी त्याच वंशातली.

ऑक्टोबर १८८९ मध्ये ब्रंटन हैदराबादला पोचला. दुसऱ्या कमिशनवर लॉरी, ब्रंटन, डॉ. बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी हकीम होते. एकूण ४९० प्राणी वापरले गेले. कुत्री, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे आणि घोडेसुद्धा. त्यांपैकी १२० प्राण्यांच्या धमनीला पारा भरलेली नळी जोडून रक्तदाबाची रेषा फिरत्या नळकांड्यावर उमटवली आणि त्या रेषांची छायाचित्रे घेतली. त्या मुक्या जिवांचा विचार मनाला चटका लावतो. आज अशा प्रयोगांना इतक्या सहज परवानगी मिळणार नाही आणि ते योग्यच आहे. लंडनहून निघताना ब्रंटन हृदयाच्या बाजूचा होता. हैदराबादेत त्याचे मत फिरले आणि धोका गुदमरण्याचा किंवा अधिक मात्रेचा आहे, हृदयावर थेट मुळीच नाही, अशी तार त्याने केली. अहवाल मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया छापखान्यात १८९१ साली छापून निघाला.

लॉरीला वाटले, प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी क्लोरोफॉर्म हृदयाला दुर्बळ करते हे दाखवून हैदराबादच्या निष्कर्षाला छेद दिला. खरा उलगडा १९११ साली गुडमन लेव्ही याने केला. हैदराबादेत प्राण्यांना भरपूर क्लोरोफॉर्म दिले होते आणि गाढ भुलीत आधी श्वास थांबतो हे खरेच. लेव्हीने मांजरांना अगदी हलकी भूल दिली, वर ॲड्रिनलिन टोचले. भय वाटले की आपल्या शरीरात जे द्रव्य उसळते तेच हे. तत्काळ हृदयाचे खालचे कप्पे ठोके देण्याचे सोडून नुसते थरथरू लागले आणि मांजर मेले. भेदरलेल्या हॅना ग्रीनरची पहिलीवहिली मिनिटे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे स्नोचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही.

लॉरीने प्रयोग थोडे केले असे नव्हे. पण त्याने जी भूल तपासली ती गाढ होती आणि माणसे मरत होती ती हलक्या भुलीत. माझ्या मते त्याचा दोष घाईचा नाही, गुरुभक्तीचा आहे. उत्तर आधीच ठरले होते, प्राणी मागून आणले गेले. तरी त्याच्या एका आग्रहाचे मोल कमी करता येणार नाही. अधिक मात्रेने होणारे मृत्यू टाळायचे तर श्वासावरची नजर हलू नये, हे त्याने आपल्या हाताखालच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडले.

हृदयाच्या त्या थरथरीकडे ॲबर्डीनच्या मॅक्विल्यमने योगायोगाने १८८९ सालीच बोट दाखवले होते. माणसे अकस्मात मरतात त्यामागे हेच असावे, असे तो म्हणाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पहिल्या तासाभरात येणारे कित्येक मृत्यू याच थरथरीने होतात. १९४७ साली क्लीव्हलंडच्या बेक याने शस्त्रक्रियेत छाती उघडी असलेल्या मुलाचे थरथरणारे हृदय विजेचा धक्का देऊन पुन्हा चालू केले. १९५६ साली झोल याने बंद छातीवरूनच ते साधले. आज कोणत्याही बऱ्या शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञासमोर एकाच पडद्यावर हृदयाची रेषाही असते आणि श्वासाचीही.

लॉरीच्या शाळेतील एका विद्यार्थिनीची नोंद येथे केलीच पाहिजे. रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई १८८५ साली तेथे दाखल झाल्या आणि १८८९ साली, कमिशनच्याच वर्षी, ‘हकीम’ ही त्या शाळेची पदवी घेऊन बाहेर पडल्या. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून इतिहासकार त्यांचे नाव घेतात. हैदराबादच्या इस्पितळांत वर्षानुवर्षे त्यांनी क्लोरोफॉर्म दिले. इतका अनुभव गाठीशी असताना १९०९ साली त्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरोला गेल्या, म्हणजे साइम आणि सिम्सन यांच्या गावी. परत येऊन पुन्हा हैदराबादच्या इस्पितळातच रुजू झाल्या आणि १९२० साली चादरघाट इस्पितळाच्या अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या.